उरलेला अंतरा

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

मायना एवढाच लिहिला आहे. पूर्वी मी तुला ‘चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद’ असे लिहीत असे. आता तुझेही केस पांढरे झाले. शिवाय तुझ्या ताईला शेवटचा निरोप देऊन परतताना फाटकापाशी तू मला जे बोललीस, त्यानंतर आशीर्वाद देण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून नुसते ‘प्रिय’. अखेरीस ‘लोभ असावा’ लिहावयाचे की नाही, ते अखेर आल्यावर ठरवीन.

पत्राचे कारण असे. येथील रेडिओ केंद्रावर महिन्यातून एकदा एक कार्यक्रम होतो. एखाद्या निवृत्त गृहस्थाला बोलावतात. त्याने आयुष्यात आवडलेल्या सहा संगीतरचना निवडावयाच्या, त्या ऐकवावयाच्या आणि त्यांच्या आधाराने आपली हकीकत सांगावयाची. या वेळी त्यांनी मला बोलावले आहे. निर्माती तरुण आहे, उत्साही आहे, आणि वाक्याच्या दोन्ही टोकांना ‘सर’ लावते. ती म्हणाली, “सर, तुम्ही आयुष्यभर आपलं संगीत परदेशात नेलंत, तिकडचं इकडे आणलंत. तुमच्याकडे तर खजिना असणार, सर!” मी तिला सांगितले की, खजिना आमच्या सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात जमा आहे, माझ्यापाशी केवळ पोच आहे. ती हसली नाही. विनोद करण्याची माझी सवय गेली असावी.

मी पाच रचना निवडल्या आहेत. सहावी तुझ्या ताईची असावी, अशी माझी इच्छा आहे. मात्र तिच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण माझ्यापाशी नाही. घरातील सर्व कपाटे पाहिली. तुम्ही दोघी एकाच गुरूंकडे, एकाच सतरंजीवर बसून शिकलात. त्या काळातील किंवा नंतरचे एखादे ध्वनिमुद्रण तुझ्यापाशी असल्यास त्याची प्रत मिळावी, ही विनंती. कार्यक्रम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे.

जुना विषय उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. तथापि, फाटकापाशी तू म्हणालीस, “भावोजी, सगळ्या जगाचं गाणं ऐकलंत तुम्ही. ताईचं तेवढं नाही ऐकलंत.” हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. तुझ्या ताईचे गाणे मी जितक्या सभागृहांतून ऐकले, तितके दुसऱ्या कोणी ऐकलेले नसेल. दुःखाच्या भरात माणूस बोलून जातो, हे मी समजू शकतो. केवळ नोंद असावी म्हणून लिहिले.

कळावे. ‘लोभ असावा’ या शब्दांची जागा तूर्त मोकळी सोडतो.

तुझे भावोजी


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

तुझे उत्तर आले नाही. पत्र गहाळ झाले असावे असे समजण्याची सोय आहे. परंतु आयुष्यभर मी टपालावर विश्वास ठेवीत आलो, आता या वयात त्याच्यावर आळ घेणे बरे नव्हे.

घराविषयी लिहितो. तुझ्या ताईची कपाटे गेल्या महिन्यात रिकामी केली. साड्या, शाली, लोकरी कोट असे सर्व एका संस्थेला दिले. ते लोक गाडी घेऊन आले, नेले, आभार मानले. त्यानंतर एक गोष्ट ध्यानात आली. सभागृहांच्या कामात मला हे शास्त्र शिकावे लागले होते की, कापड आवाज पिते. माणसे भरली की सभागृहाचा घुमारा कमी होतो, तो त्यांच्या अंगावरील कपड्यांमुळे आणि अर्थात त्यांच्यामुळेही. हे शास्त्र स्वतःच्या निजण्याच्या खोलीला लागू पडेल असे मात्र वाटले नव्हते. आता मी खोकलो तरी खोकला परत येतो. सकाळी चष्मा टेबलावर ठेवला तर तो दोनदा ठेवल्यासारखा ऐकू येतो. काल मोलकरीण म्हणाली, “आजोबा, घर मोठं झालंय की काय?” मी म्हटले, मोजमाप तेच आहे.

कार्यक्रमासाठी टिपण तयार करतो आहे. पहिली रचना निवृत्त पोस्टमनांच्या पितळी वाद्यवृंदाची आहे. तुला ती गोष्ट ठाऊक असेल. माझ्या पहिल्याच परदेशी नेमणुकीत विमानतळावर स्वागतासाठी त्यांना उभे केले होते, आणि आमचे नर्तक उतरण्याआधी एक दंतवैद्यांचे शिष्टमंडळ उतरले. पोस्टमनांनी त्यांनाच वाजतगाजत बाहेर आणले. दंतवैद्य इतके भारावले की, त्यांच्या प्रमुखाने भाषणच केले. मी घामाघूम झालो होतो. तुझी ताई शालीचा पदर तोंडात कोंबून खांबाआड उभी होती. पुढे कितीतरी वर्षे मी फार गंभीर झालो की, ती त्या वृंदाची सुरावट गुणगुणत असे.

दुसरी रचना एका तालवाद्यांच्या चमूची. त्यांचे ढोल जकातीत अडकले, तेव्हा त्यांनी नाट्यगृहाच्या रंगाऱ्यांचे डबे पालथे घालून कार्यक्रम केला. तिसरी डोंगरातल्या बायकांचे अंगाईगीत आहे. त्या अंगाईच्या वेळी ताईने माझ्या बाजूची खुर्ची सोडली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. आम्हाला मूल नव्हते. मी बाहेर गेलो नाही. अध्यक्षांच्या शेजारून उठणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

हे टिपणात लिहिलेले नाही.

आता तुझ्या विधानाविषयी. बंदराच्या शहरात आमची पहिली मोठी मैफल होती. जुने नाट्यगृह, समुद्राकडून येणारा बोचरा वारा. धुक्यामुळे सतारवादकांचे विमान अडकले होते. आमचा ध्वनिमुद्रक ध्वनिक्षेपक मांडून बसला होता. त्याला आम्ही सारे कानसेन म्हणत असू. तू त्याला एकदा भेटलेली आहेस. मंचावर बसून कोणी गायल्याशिवाय त्याला सभागृह कळेना. टाळ्या वाजवून पाहिल्या, आकडे मोजून पाहिले. शेवटी तो तुझ्या ताईकडे वळून म्हणाला, “वहिनी, दोन मिनिटं बसता का? काहीही म्हणा. पाढे म्हटलेत तरी चालेल.”

ताई कोट न काढताच बसली, आणि पाढे न म्हणता गायली.

मी मधल्या वाटेने चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. अक्षर न् अक्षर पोहोचत होते. मी हात वर केला. आमच्या कामात हात वर म्हणजे आवाज पोहोचला, आता पुरे. ती थांबली. कानसेन म्हणाला, “सभागृह लागलं!”

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी हीच पद्धत पडली. मैफलीच्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात ताई मंचावर बसे, गाई. मी शेवटच्या रांगेत उभा राहून हात वर करी. कोणत्याही नामवंत गायिकेला हेवा वाटेल अशा मंचांवर तुझी ताई गायलेली आहे. श्रोते मी, कानसेन आणि खुर्च्या पुसणारी माणसे एवढेच असत, हे खरे. परंतु ऐकले नाही, असे कसे म्हणता येईल?

उत्तराची वाट पाहतो. जागा मोकळीच ठेवतो आहे.

तुझे भावोजी


१५ मार्च

प्रिय धाकटीस,

काल कानसेनकडे जाऊन आलो. तो गावाबाहेर मुलाच्या घरी राहतो. माझा तर्क असा होता की, सभागृहाची चाचणी घेताना तो यंत्र चालू ठेवीत असे, तेव्हा चाचणीच्या फितींवर तुझ्या ताईचा आवाज असावयास हवा.

दार त्याच्या पत्नीने उघडले. कानसेन खिडकीशी बसला होता. कानात यंत्र होते.

“या साहेब! आता नाव बदला माझं,” तो ओरडला. “कानसेन कसला, आता नुसता सेन!”

मी कामाचे विचारले. तो म्हणाला, “चाचणीच्या फिती? साहेब, परिपत्रक कोणाचं होतं?”

परिपत्रक माझेच होते. संग्रहात जमा करावयाच्या फितीवर प्रत्यक्ष कार्यक्रमाखेरीज काहीही असू नये. चाचणीचा भाग पुसून तीच फीत वापरावी, असे मी सर्व केंद्रांना कळविले होते. फिती महाग होत्या. ते परिपत्रक पुढे आदर्श म्हणून इतर विभागांनाही धाडण्यात आले.

“आणि राहिलं असतं तरी काय मिळालं असतं तुम्हाला?” कानसेन म्हणाला. “अस्ताई. नुसत्या अस्ताया. एकाही फितीवर अंतरा सापडला नसता.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! गाण्याचा पहिला भाग संपायचा, वहिनी श्वास घेऊन अंतऱ्याला उचलणार, की तुमचा हात वर. मी तर तुमच्या हातावर घड्याळ लावायचो.”

“अहो, हळू बोला,” त्याची पत्नी आतून म्हणाली, “सगळी गल्ली ऐकतेय.”

“ऐकू दे की! मला कुठे ऐकू येतंय!”

मी त्याला सांगितले की, आवाज शेवटच्या रांगेत पोहोचला आहे हे कळण्यास अस्ताई पुरेशी असते. त्याने ते मान्य केले. तो नेहमीच सभ्य माणूस होता. मग तो म्हणाला, “तुम्ही असं करा, धाकट्या बाईंना विचारा. वहिनी माझ्याकडून कोऱ्या कॅसेट घ्यायच्या. तो छोटा रेकॉर्डरही मीच आणून दिला होता त्यांना. म्हणायच्या, धाकटीला पाठवायचंय.”

धाकटे, ती पुडकी मला माहीत आहेत. ती मीच टपालात टाकीत असे. तुझा पत्ता माझ्या अक्षरात आहे. जकातीच्या चिठ्ठीवरही मीच लिही: ‘वस्तू: ध्वनिफीत, घरगुती. मूल्य: काही नाही.’ मला वाटे, खुशालीच्या कॅसेट असतील. बहिणी बहिणी काय बोलतात, ते विचारू नये, हा मला लहानपणापासूनचा धडा होता.

येताना बसमध्ये मी हिशेब जुळवीत होतो. चाचणी संपली की, मी सभागृहातच थांबत असे. तुझी ताई म्हणे, “साडी बदलून येते,” आणि हॉटेलवर जाई. परतायला तिला नेहमीच उशीर होई. एकदा पाहुणे दारात उभे होते, तेव्हा मी विचारलेही होते की, एक साडी बदलायला इतका वेळ का लागतो. ती म्हणाली, “निऱ्या नीट बसत नव्हत्या.” तिच्या निऱ्या सकाळपासून जशा होत्या तशाच होत्या. साडीही तीच होती. मला हे आत्ता आठवते आहे. तेव्हा मी पाहुण्यांकडे पाहत होतो.

त्या कॅसेट तुझ्यापाशी आहेत का? त्यांत काय आहे? मी आता प्रत मागत नाही. एवढेच कळव.

तुम्हा दोघींच्या जोडगायनाचे प्रकरण तुझ्या मनातून गेलेले नाही, हे मी जाणतो. त्या महोत्सवाच्या पत्रिकेतून तिचे नाव मी लाल पेन्सिलीने काढले आणि तू एकटी गायलीस. अधिकाऱ्याच्या पत्नीला संस्थेच्या मंचावर स्थान देता येत नाही. नियम बरोबर होता, असे मी आजही म्हणतो. मी तिला कारण समजावून सांगितले. ती ‘बरं’ म्हणाली. तुझी ताई ‘बरं’ म्हणाली की तो विषय संपत असे.

तुझे भावोजी


२४ मार्च

भावोजी,

तीन पत्रं आली. उत्तर देणारच नव्हते. पण तुमच्या तिसऱ्या पत्रातल्या निऱ्या वाचून मला हसू फुटलं, आणि एकदा हसलं की राग धरून बसणं जड जातं. ताईला हे माझं चांगलं ठाऊक होतं.

कॅसेट आहेत. बुटांच्या दोन खोक्यांत. सगळ्या धड नाहीत. काहींना बुरशी आलीय, एक माझ्या यंत्राने गिळली. वाजवली की झिजते, म्हणून मी पण फारशी लावत नाही.

आत काय आहे विचारता ना? आधी ताई बोलते. “धाकटे, आज केवढं मोठं सभागृह होतं, छताला सोनेरी रंग. खुर्च्या पुसणारी बाई खाली बसून ऐकत होती. अस्ताई तिथे झाली. तुझ्या भावोजींचा हात वर गेला. आता उरलेलं तू ऐक.” आणि मग अंतरा. नुसता अंतरा. हॉटेलच्या खोलीत, तंबोऱ्याशिवाय. मागे कुठे नळ ठिबकतोय, कुठे लिफ्टचं दार आपटतंय. प्रत्येक कॅसेटमध्ये असंच. आधी मला वाटलं, ही बया मला कोडी घालतेय. अंतरा पाठवते आणि अस्ताई ठेवून घेते! मग मी इथे माझ्या खोलीत अस्ताई म्हणायचे आणि तिच्या अंतऱ्याला तिची कॅसेट लावायचे. असं आमचं जोडगायन झालं हो. तुमच्या लाल पेन्सिलीला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि एक सांगते, रागवायचं तर रागवा. तुम्ही पुन्हा पुन्हा नियम नियम करता. बरोबर होता तुमचा नियम. रात्रीच्या कार्यक्रमाला होता. दुपारच्या रिकाम्या सभागृहाला कुठला नियम होता, भावोजी? कोण बघत होतं? दोन मिनिटं हात खिशात ठेवला असतात तर कुणाची नोकरी जाणार होती?

ती तक्रार नाही करायची. उलट एका कॅसेटमध्ये म्हणते, “त्यांचा हात वर गेला ना, की मला बरं वाटतं गं. म्हणजे शेवटपर्यंत पोहोचलं.” मी तेव्हा कॅसेट बंद केली होती, एवढा संताप आला होता.

रेडिओला एकही देणार नाही. माझ्या नावाने आल्यात त्या. पत्ता तुमच्याच अक्षरात आहे, तुम्हीच म्हणता.

आणि तुम्हाला ताई हवीय की सहावं गाणं हवंय, ते आधी स्वतःशी ठरवा.

धाकटी


९ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुझे पत्र पोहोचले. त्यातील रिकाम्या सभागृहाच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे होते. मी प्रयत्न केला. तीन मसुदे केले आणि फाडले. पहिल्यात मी वेळेच्या अभावाविषयी लिहिले होते. ते खरे नव्हते. वेळ भरपूर असे. दुसऱ्यात काय होते ते सांगत नाही. तिसऱ्यात तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत उतरवून काढला होता, तेवढाच.

रेडिओचा कार्यक्रम झाला. ध्वनिमुद्रण नव्हते, थेट प्रक्षेपण होते. लहानशी खोली, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, काचेपलीकडे ती निर्माती. खोलीत आवाज अजिबात घुमत नव्हता. मला ते चमत्कारिक वाटले, कारण घरी आता मला घुमण्याची सवय झाली आहे.

पोस्टमन झाले. दंतवैद्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा काचेपलीकडे ती मुलगी मनापासून हसली. डब्यांवरचे ढोल झाले. अंगाई झाली. चौथी एका दात पडलेल्या म्हाताऱ्याची बासरी होती. ती मी केवळ त्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी निवडली होती, हे तुला म्हणून सांगतो.

पाचवी रचना कोणती, हे मी तुला कळविले नव्हते. महोत्सवातील त्या रात्रीची तुझी चीज होती. तू ऐकले असशील किंवा नसशील, म्हणून काय बोललो ते येथे लिहितो. मी म्हणालो की, त्या रात्री गायिका गाताना मधून मधून थांबत होत्या. दुसऱ्या दिवशी तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्या विरामांचे फार कौतुक केले. त्यांना ते नव्या शैलीचे वाटले. प्रत्यक्षात दोघींसाठी बसवलेले गाणे एक जण गात होती, आणि दुसरीच्या वाट्याची जागा तिने मोकळी सोडली होती. निर्मातीने विचारले, “मग सर, दुसऱ्या कुठे होत्या?” मी म्हणालो, “माझ्या शेजारच्या खुर्चीवर.” पहिल्या रांगेत. तिच्या मांडीवरचे बोट ताल धरून होते, आणि प्रत्येक मोकळ्या जागेत तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मला तो माझ्या शेजारून ऐकू आला नाही. एरवी शेवटच्या रांगेत उभा असतानाही येत असे.

एवढे बोललो आणि पाणी मागितले.

मग ती म्हणाली, “आणि सर, आता तुमची सहावी?”

आदल्या आठवड्यात मी तिला सांगून ठेवले होते की, सहावी मी ऐनवेळी सांगेन. ती बटणावर बोट ठेवून थांबली होती. मी म्हणालो, “सहावी रचना माझ्या पत्नीची आहे. मात्र ती मी अर्धीच ऐकलेली आहे. अर्धी ऐकलेली चीज आवडती म्हणून सांगणे योग्य होणार नाही.”

“मग काय लावू, सर?”

“काही लावू नका.”

“सर, वेळ उरतोय!”

“उरू द्या,” मी म्हणालो.

रेडिओवाल्यांना वेळ उरलेला सोसत नाही. तिने आधी मान हलवली, मग हात हलवले, आणि शेवटी तुझ्या ताईच्या जागी हवामानाचा अंदाज लागला. आकाश निरभ्र राहील, वारा मंद. बाहेर आल्यावर ती मुलगी रागावलेली असेल असे वाटले होते. ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “सर, उरलेली अर्धी कुठे मिळेल का बघा ना.” या वेळी तिने ‘सर’ एकदाच म्हटले.

तू विचारलेस, ताई हवी की सहावे गाणे. गाण्याचा प्रश्न आता निकालात निघाला आहे.

घरी आलो. तिचा तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा आहे. तारा तिने स्वतःच उतरवून ठेवल्या होत्या. मी घरी असताना तिने तो कधी काढला नाही. मी फाइली वाचीत असे, तिला वाटे मला त्रास होईल. मला झाला असता की नाही, हे सांगता येत नाही. विचारले गेले नाही, आणि मीही सांगितले नाही. काल मी गवसणी काढली, धूळ पुसली आणि पुन्हा घातली. तार छेडली नाही. त्या खोलीत ती फार घुमली असती.

मी काही मागत नाही. कॅसेट झिजतात हे मला कळते. केवळ तुझ्या पत्राची पोच म्हणून हे लिहिले.

तुझे भावोजी


१७ एप्रिल

भावोजी,

ऐकलं. शिकायला येणाऱ्या मुली होत्या समोर, त्यांना म्हटलं, गप्प बसा, आमचे भावोजी बोलतायत. पाचवं लागलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले तर हवामान चाललेलं! मुली म्हणाल्या, “बाई, हे काय झालं?” म्हटलं, आमच्या घरात असंच चालतं.

मला वाटायचं, ते विराम मला एकटीलाच ठाऊक आहेत. मला आणि ताईला.

रविवारी सकाळी या. मुली दुपारी येतात, त्याआधी. एक कॅसेट लावीन. एकच, आणि एकदाच. यंत्राचा भरवसा नाही. बंदराच्या शहरातली, पहिली. तिची अस्ताई तुम्ही ऐकलीच आहे, तरी ती मी म्हणेन, म्हणजे सलग होईल. मध्ये बोलायचं नाही. शास्त्र सांगायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं.

लोभाचं मागाहून बघू.

धाकटी


१९ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुझे पत्र मिळाले. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, घर मला ठाऊक आहे.

सोबत तंबोरा आणतो आहे. तो आता तुझ्याकडे असावा. तारा लावून घेशील तर त्या अंतऱ्याला प्रथमच साथ मिळेल. तथापि हे तुझ्या मर्जीवर. मी शास्त्र सांगणार नाही, असे तू बजावले आहेस.

बसण्याविषयी एक विनंती. तुझ्या खोलीत समोर गालिचा आहे आणि दाराशी एक लाकडी खुर्ची आहे, असे मला आठवते. मला ती दाराजवळची खुर्ची दे. तुझी ताई गात असताना मी नेहमी शेवटीच उभा असे. पहिल्याच वेळी जवळ बसणे मला जमणार नाही.

अंतरा कोठे संपतो, हे मला ठाऊक नाही. तो संपल्यावर गाणे पुन्हा अस्ताईवर येते, एवढे मात्र मी आयुष्यभर इतरांच्या मैफलींत पाहिले आहे. म्हणजे शेवटी मला माहीत असलेला भाग पुन्हा एकदा येईल. तो आला की, माझ्या हाताला जुनी सवय आठवेल. तू गाताना माझ्याकडे पाहत असलीस, तर काळजी करू नकोस. दोन्ही हात मी तंबोऱ्याच्या गवसणीखाली ठेवीन.

तुझे भावोजी